एकतीस डबे आणि पुण्याचा पाहुणा

कर्जतच्या पेठेत पत्र्यांवरून पत्र्यांवर गेलेली एक काळी दुपदरी वायर अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. बायका तिच्यावर लहान मुलांची झबली वाळत घालतात. संक्रांतीनंतर दोन-चार फाटके पतंग तिला लटकलेले असतात. ती वायर मी टाकली. कशाची म्हणून विचारलं तर आताची पोरं सांगतात, केबलची असंल. मी दुरुस्ती सुचवत नाही. खरं सांगायला लागलो तर अख्खी गोष्ट सांगावी लागते आणि त्या गोष्टीत मी गाढव ठरतो. आज सांगतो. गाढव ठरायची लाज वाटावी असं वय आता उरलेलं नाही.

नव्वदीच्या मध्यावर माझं पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंगची कावी आणि लोकांनी दुरुस्तीला टाकून न्यायचे विसरलेले रेडिओ. घरोघर टीव्ही यायला लागले होते, त्यामुळे विसरणारे वाढले होते. मला मात्र एक खाज होती. त्याच्या आधी काही वर्षं मी पुण्याला निवेदकाच्या नोकरीसाठी आवाजाची परीक्षा देऊन आलो होतो. काचेपलीकडच्या बाईंनी माझं वाचन शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवाज चांगला आहे, पण त्यात माती आहे." परतीच्या एस.टी.त मी भिगवणपर्यंत खाकरत होतो. माती काही निघाली नाही.

मग मी ठरवलं, माती तर माती. दुकानात एक अँप्लिफायर, दोन टेपडेक आणि एक माइक मांडला. तिथून पेठेतल्या दुकानादुकानांत वायर नेली आणि प्रत्येक दुकानात प्लायवूडच्या खोक्यात एक स्पीकर बसवून दिला. लोक त्याला 'डबा' म्हणत. डब्याला आवाज कमीजास्त करायचं एक बटण होतं, त्याला 'कान' म्हणत. "रेडिओवाल्याचा कान पिळ जरा," असं कोणी म्हणालं की माझा आवाज लहान व्हायचा. महिन्याला प्रत्येक डब्यामागे थोडे पैसे ठरलेले. सलूनवाला पैशांऐवजी दाढी करून द्यायचा आणि हॉटेलवाले मामा चहा पाठवायचे, त्यामुळे मी गुळगुळीत आणि पित्तानं बेजार असा दोन्ही असायचो.

सकाळी भक्तिगीतं, दुपारी सिनेमाची गाणी, बाजाराच्या दिवशी लावण्या. मधे मधे माझा आवाज. मिरजगावची गाडी पंक्चर झाली आहे, प्रवाशांनी घाई करू नये. अमक्या गल्लीत नळ उद्या येणार नाही, आजच भरून ठेवा. किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे, खूण सांगून घेऊन जावा. कुणी वारलं तर गाणं थांबवून तेही सांगायचो, आणि तेवढा वेळ सलूनमधला वस्तरासुद्धा थांबायचा. मला आयुष्यात दुसरं काही नीट जमलं नव्हतं. सकाळी माइकचं बटण दाबून "नमस्कार, पेठेकर" म्हटलं, की एकतीस डब्यांतून तो नमस्कार रस्त्यावर सांडायचा आणि मी स्वतःला कोणीतरी समजायचो. एकतीस. हा आकडा लक्षात ठेवा, मी तो विसरलो म्हणूनच हे सगळं झालं.

आता दुसरी बाजू. मी तिशी गाठली होती आणि माझं लग्न व्हायचं होतं. आईनं देव, ज्योतिषी आणि नातेवाईक तिन्ही संपवले होते. त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि दौंडहून माझ्या सख्ख्या मामाचा निरोप आला, की इकडचे पाहुणे पेठेत येऊन गुपचूप चौकशी करणार आहेत, सांभाळून राहा.

गुपचूप चौकशी म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलीकडचा एक माणूस येतो, ओळख देत नाही, हॉटेलात चहा मागवतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, हा अमका कसा आहे हो? पेठेनंही ओळखलं नाही असं दाखवायचं आणि मुलाला होता होईल तेवढा फुगवायचा. यात कोणी पाप मानत नाही. स्थळ मोडणारा नरकात जातो, खोटं बोलून जमवणाऱ्याला जेवणात पहिली पंगत मिळते. शिंप्याच्या पोराच्या वेळी तर पेठेनं शेजारच्या वाडीतला ट्रॅक्टर आणून दोन दिवस त्याच्या दारात उभा केला होता. लग्नानंतर सुनेनं विचारलं, ट्रॅक्टर कुठं गेला? सासू म्हणाली, रानात. ती सून अजून त्याची वाट बघते म्हणतात.

तर अशा दिवसांत, बाजार नसलेल्या एका मंगळवारी, पुण्याच्या गाडीतून एक गृहस्थ उतरले. राखाडी सफारी, काखेत चामडी बॅग, केस तेल लावून मागे. ते सरळ मामांच्या हॉटेलात बसले, चहा मागवला आणि वरच्या डब्याकडे बघत म्हणाले, "हे कोण चालवतं?"

मामांना एवढं पुरे होतं.

"लई गुणाचं पोरगं हाय," मामा म्हणाले. पुढचं मला मामांनीच रंगवून सांगितलं. गृहस्थांनी विचारलं, असे स्पीकर किती असतील? मामा म्हणाले, "मोजायला माणूस ठिवावा लागंल. दोनशेच्या खाली न्हाईत." रोज किती तास चालतं? "तुमी झोपायच्या टायमाला बंद, उठायच्या टायमाला चालू." उत्पन्न? "आता आमी दुसऱ्याच्या कमाईवर कशाला बोलावं, पर बंगल्याचा पाया खणायचा ईचार चाललाय म्हनं." गृहस्थ हे सगळं एका वहीत टिपून घेत होते. मामांना ते फार आवडलं. इतकं मन लावून चौकशी करणारा पाहुणा पेठेत आधी आला नव्हता.

हॉटेलातून ते सलूनमध्ये गेले. सलूनवाल्यानं त्यांच्या गालाला फेस लावता लावता आणखी पन्नास डबे राशीनला बसवून टाकले.

तोवर मामांचा माणूस माझ्याकडे धावत आला होता. मी शर्ट बदलला, आईला निरोप पाठवला आणि डेकवर एक सोज्वळ भक्तिगीत चढवलं. गृहस्थ दुकानाच्या पायरीशी आले तेव्हा मी डोळे मिटून मान डोलावत होतो.

"या," मी म्हणालो. "बसा. कुठून येणं झालं?"

"पुण्याहून. जरा माहिती हवी होती." दौंडचं नाव लपवायला पुणं सांगतायत, हे मी ओळखलं.

"विचारा ना. आमच्याकडं लपवण्यासारखं काही नाही."

हे वाक्य मला नंतर कितीतरी दिवस झोपेत ऐकू येत होतं.

त्यांनी स्पीकरची संख्या विचारली. मामांनी दोनशे सांगितलेत हे मला कळलेलं होतं. आता मी एकतीस म्हणालो तर मामा खोटे पडणार, आणि वडीलधाऱ्या माणसाला खोटं पाडणं आमच्यात बसत नाही. मी म्हणालो, "दोनशे. राशीनचे धरले तर अडीचशे." त्यांनी विचारलं, गाणी कुठली लावता? यादी मिळेल? मला गुदगुल्या झाल्या. मुलीला गाण्याची आवड दिसते! मी वही काढून दिली. वहीत साधारण शंभर कॅसेटी होत्या. त्या कमी वाटल्या म्हणून त्यांच्यासमोर बसून आणखी ज्या ज्या आठवल्या त्या लिहिल्या. माझ्याकडे नव्हत्या, पण संसार सुरू झाला की घेता आल्या असत्या.

"या कॅसेट विकत घेतलेल्या का?"

इथे मी माझ्या अकलेचं शेवटचं दार लावून घेतलं. मला वाटलं, हे बघतायत पोरगा उधळा आहे का. म्हणालो, "छे छे! पैसे असे उडवत नसतो आम्ही. एक कोरी कॅसेट आणायची आणि दुसऱ्याच्या कॅसेटवरून आपल्या हातानं भरून घ्यायची. ह्यातल्या चार-दोन सोडल्या तर सगळ्या मीच भरल्यात."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला ते कौतुक वाटलं.

एवढ्यात घरून कांदेपोहे आले. आईनं वर खोबरं, कोथिंबीर आणि ठेवणीतले काजूसुद्धा घातले होते. गृहस्थ नको नको म्हणाले, मग खाल्ले, मग दुसऱ्यांदा घेतले. हात धुऊन बॅगेतून एक छापील कागद काढला, मी सांगितलेलं सगळं त्यावर उतरवलं आणि म्हणाले, "बरोबर असेल तर सही करा. हे आमच्या ऑफिसला जाईल."

केवढे व्यवस्थित लोक, मला वाटलं. सोयरिकीसाठी ऑफिस! कागद इंग्रजीत होता. मी तो वाचला नाही. वाचला असता तरी पाहुण्यांसमोर अडखळलो असतो, ते बरं दिसलं नसतं. मी सही केली आणि वर नुकताच करून आणलेला रबरी शिक्काही मारला. शिक्का पहिल्यांदा नीट उठला नाही, म्हणून दुसऱ्यांदा मारला.

ते गेल्यावर मामा, सलूनवाला आणि मी, तिघांनी माझ्या दुकानात बसून पेढे खाल्ले.

तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टानं लांबडं पाकीट आलं. पोस्टमननं घरीच दिलं. आईनं ते देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि मगच मला फोडायला दिलं. आत चार पानं होती. मी कॉलेजात दोन वर्षं काढलेली असल्यामुळे मला थोडं थोडं इंग्रजी समजत होतं. त्या दिवशी नसतं समजलं तर बरं झालं असतं. गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या वतीनं पैसे गोळा करणारी मुंबईची कसलीशी संस्था होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवायला परवाना लागतो, त्याची फी स्पीकरच्या संख्येवर आणि तासांवर ठरते. अडीचशे स्पीकर, दिवसाचे सोळा तास, सोबत माझ्या सहीची आणि दोन शिक्क्यांची प्रत. शिवाय स्वतः भरलेल्या कॅसेटींबद्दल वेगळा परिच्छेद. शेवटी जो आकडा होता तो माझ्या वर्षभराच्या कमाईच्या कितीतरी पट होता. तीस दिवसांत भरा, नाहीतर कोर्ट.

"काय म्हनत्यात? पसंत हाय का?" आईनं विचारलं.

"पसंत आहे," मी म्हणालो. "फार पसंत आहे."

ती देवाकडे वळली. मी तिला खरं सांगायला दोन दिवस घेतले.

सुटकेची वाट कागदावर सोपी दिसत होती. संस्थेला कळवायचं, की डबे एकतीसच आहेत आणि बाकीचं सगळं फुगवून सांगितलं होतं. पण नुसत्या माझ्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार? पेठेच्या सह्या हव्या होत्या. मी कागद तयार करून सलूनमध्ये गेलो.

सलूनवाल्यानं तो पुसणीनं हात पुसून धरला आणि वाचला. "म्हंजी आमी त्या मानसाला खोटं सांगितलं, असं आमीच लिहून द्यायचं?"

"खोटंच सांगितलं ना?"

"सांगितलं ते तुझ्यासाठी. लिहून दिलं तर ते माझ्या नावावर राहील. उद्या माझ्या पोरीसाठी कुठं गेलो तर म्हनतील, ह्यो तर लेखी लबाड."

मामांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, "सही करीन, पर आधी तुझं जमू दे. हा कागद फुटला आन् दौंडवाल्यांच्या हाती लागला तर? एकतीस डबे बघून कोन पोरगी देतंय?"

आईही तेच म्हणाली. खरे दौंडवाले अजून यायचेच होते. ते येईपर्यंत मी मोठा असणं गरजेचं होतं, आणि मोठा असेपर्यंत मला कोर्टाची भीती होती. लहान झालो तर फी वाचणार, लग्न जाणार. रेडिओ बंद केला तर फी वाचणार, पण मग माझ्याजवळ उरतं काय? सोल्डरिंगची कावी. मी रोज सकाळी माइकसमोर बसून हाच हिशेब करायचो आणि "नमस्कार, पेठेकर" म्हणताना आवाज घशातच राहायचा. आता मातीबरोबर खडेही आले होते.

गाणी मी लावतच होतो, पण चोरासारखी. दुकानाच्या दारातून स्टँडच्या बाजूचा रस्ता दिसायचा. तिकडे सफारी दिसली की मी गाणं कडव्याच्या मध्यात कापायचो आणि माइकवर ओरडायचो, "किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे, खूण सांगून घेऊन जावा." त्या काळात कर्जतमध्ये सफारी घालणारे पुष्कळ होते. बँकेतले, पंचायत समितीतले, शाळेतले. दिवसातून सात-आठ वेळा जुडगा सापडायला लागला. लोकांनी आपापल्या किल्ल्या तपासल्या. एका म्हाताऱ्यानं दुकानात येऊन मला सांगितलं, "पोरा, इतक्या किल्ल्या सापडत्यात, एखादं कुलूपबी बघ."

शेवटी पेठेनं आपसांत एक ठराव केला. मी हजर नव्हतो, मामांनी सांगितलं. ठराव असा: यापुढे कोणीही परका माणूस रेडिओबद्दल विचारायला आला, की त्याला काहीही सांगायचं नाही, आणि सांगायचंच झालं तर कमी सांगायचं. मागच्या वेळी फुगवून चूक झाली, आता सगळी हवा काढायची. सह्या देणार नाही, पण तोंडी जेवढं करता येईल तेवढं करू. मला भरून आलं. असे शेजारी मिळायला नशीब लागतं.

आठवड्यानं एक गृहस्थ आले. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. मामांच्या हॉटेलात बसले, चहा मागवला आणि सहज म्हणाले, "हे रेडिओचं काम कोण करतं हो?"

मामांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी समोरच्या बाकावर बसलो होतो. मी समजलो. ऑफिस आता शहाणं झालंय, वेष बदलून माणूस पाठवलाय.

"कसला रेडिओ?" मामा म्हणाले. "दोन डबे हायेत. एक हा बंद पडलेला. दुसरा सलूनमधी, त्यात उंदीर ऱ्हातो."

"पण धंदा चांगला असंल की?"

"धंदा? आवो, माझ्या चहाची उधारी हाय त्याच्याकडं."

गृहस्थ सलूनमध्ये गेले. सलूनवाल्यानं सांगितलं, की तो पोरगा चार महिन्यांपासून फुकट दाढी करून घेतोय. हे तर खरंच होतं. मग ते माझ्या दुकानात आले. तोवर मी धावत येऊन अँप्लिफायरवर गोणपाट टाकलं होतं, कॅसेटी टेबलाखाली ढकलल्या होत्या आणि उघड्या खांद्यावर टॉवेल घेऊन उदास बसलो होतो.

"तुमीच का ते?"

"मीच तो. पण आता काही नाही. सगळं बंद केलं."

"बंद? मग पोटापान्याचं कसं?"

"आई बघते."

"शेती?"

क्षणभर मला वाटलं, गाण्यांच्या ऑफिसाला शेतीशी काय करायचंय? पण भीती शहाणपणाच्या पुढे पळते. जप्तीसाठी विचारत असतील, असं मनात आलं. "शेती होती," मी म्हणालो, "गेली."

गेली कुठं? राशीनच्या रस्त्याला ती चार एकर तशीच होती, तिच्यात त्या वेळी ज्वारी कमरेला आली होती.

गृहस्थांनी टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्या डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. "काई यसन?" असं फार मऊ आवाजात विचारलं. मी मान खाली घातली. खरं तर त्या प्रश्नावर मला सगळं कळलं होतं. मुंबईच्या संस्थेला माझ्या तंबाखूशी काही घेणंदेणं नव्हतं. पण आता बोलायचं काय? गोणपाट उचलून दाखवायचं? म्हणायचं, की थांबा, मी श्रीमंत आहे, मघाशी तुम्हाला दुसरंच कोणी समजलो? मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "पोहे घेणार का?"

"नको," ते म्हणाले. "गाडी हाय."

सख्ख्या मामाचा निरोप दौंडहून चार दिवसांनी आला. आई तो ऐकून माझ्याकडे आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "त्या गान्याच्या मानसाला काजू घातले. आन् ह्यांना पानीसुदिक न्हाई." एवढंच. मग तिनं दोन दिवस माझा डबा बंद ठेवला. आमच्या स्वयंपाकघरात एक डबा होता, एकतिसावा. त्याचा आवाज तिच्याच हातात होता, आणि तिनं त्याचा कान पूर्ण पिळून टाकला. मी माइकवर बोलायचो ते घर सोडून सगळीकडे जायचं.

आता लपवायचं कारणच संपलं होतं. मी संस्थेला स्वतः पत्र टाकलं, की दोनशे नाही, अडीचशे नाही, एकतीस आहेत, येऊन मोजा. मुदत संपायच्या दोन दिवस आधी सफारीवाले गृहस्थ पुन्हा पुण्याच्या गाडीतून उतरले.

या वेळी पेठेची पंचाईत झाली. सलूनवाल्यानं मला बाजूला घेतलं. "ह्यो कुठला धरायचा? लग्नाचा का गान्याचा? फुगवायचा का दाबायचा?"

"खरं सांगायचं," मी म्हणालो.

तो घाबरला. "ते कसं सांगत्यात?"

गृहस्थ आणि मी दुकानादुकानातून हिंडलो. ते खडूनं प्रत्येक डब्यावर आकडा घालत होते. शिंपीकाका, किराणावाला, भांड्यांचं दुकान, पिठाची गिरणी. गिरणीत पिठानं स्पीकर इतका भरला होता की त्यातून कधी कोणी काही ऐकलं असेल असं वाटत नव्हतं. मला माझा आवाज मोठा वाटायचा. त्या दिवशी त्यांच्या मागून फिरताना कळलं, की निम्म्या दुकानांत माझा कान पिळलेलाच होता. एकतीसपैकी चार बंद होते. आमच्या घरी आईनं त्यांच्याकडे न बघता डबा दाखवला. त्यांनी त्यावर शेवटचा आकडा घातला आणि तिला नमस्कार केला. "पोहे फार छान होते तुमचे," ते म्हणाले. आईनं चहासुद्धा विचारला नाही.

दुकानात येऊन त्यांनी पुन्हा हिशेब मांडला. आकडा उतरला, खूप उतरला, आणि एका जागी येऊन थांबला. पुढे उतरेना.

"हे काय?"

"किमान फी. याच्या खाली परवाना देता येत नाही. शहरातली हॉटेलं धरून ठरवलीय. तुमच्यासारख्याचा विचारच कोणी केला नसेल."

ती किमान फीसुद्धा वर्षभर सगळ्या डब्यांकडून मिळणाऱ्या पैशापेक्षा जास्त होती. त्यात दाढी आणि चहा धरला तरी. मी विचारलं, "यातलं गाणाऱ्याला किती जातं?"

"ते वरचं ऑफिस बघतं." त्यांनी चष्मा पुसला. "पण काही ना काही जातंच. गाणं त्याचं असतं ना. तुम्ही दुकानदारांकडून पैसे घेता ते तुमच्या घोषणांसाठी की गाण्यांसाठी?"

मी घोषणांसाठी म्हणणार होतो. तेवढ्यात गिरणीतला पिठानं भरलेला डबा आठवला. लोक कान मोठा करायचे तो गाण्याला. माझ्या आवाजाला तर छोटा करायचे.

"घोषणा चालू ठेवा," ते म्हणाले. "त्याला आमची हरकत नाही. गाणी नकोत. तसं लिहून द्या, मागचं मिटवायचा मी प्रयत्न करतो." कागद या वेळी मराठीत होता. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आजपासून मी कोणतंही ध्वनिमुद्रित गीत सार्वजनिक ठिकाणी वाजवणार नाही. सही केली. शिक्का मारला नाही, त्यांनी मागितलाही नाही.

ते स्टँडवर गेले आणि अर्ध्या तासात परत आले. मामांच्या हॉटेलात बसले. पाठोपाठ स्टँडवरून निरोप आला, आणि तो सांगणं माझं कामच होतं. मी माइक उघडला. "नमस्कार, पेठेकर. पुण्याकडे जाणारी गाडी मिरजगावजवळ बंद पडली आहे. दुसरी गाडी दोन तासांनी येईल. प्रवाशांनी घाई करू नये." आणि थांबलो. दर वेळी यानंतर गाणं असायचं. माझा हात डेककडे गेला, तिथेच राहिला. सत्तावीस डब्यांतून सुंऽऽ असा नुसताच आवाज येत राहिला. सलूनवाला दारात येऊन माझ्याकडे बघायला लागला. किराणावाला आला. पेठेत इतकी शांतता फक्त कुणी वारल्यावर असायची, आणि मला माइकमधून सांगावंसं वाटलं की कोणी वारलेलं नाही, काळजी करू नका.

पाऊण तासानं गृहस्थ माझ्या पायरीशी आले. बॅग काखेत, केस आता थोडे विस्कटलेले. हॉटेलातल्या माश्या, दुपारचं ऊन आणि मामांचं तोंड, तिन्हींना कंटाळलेले दिसत होते.

"फार गप्प गप्प वाटतंय हो," ते म्हणाले. "वेळ जाता जात नाही. एखादं गाणं लावा ना. हळू आवाजात."

मी त्यांच्याकडे बघितलं. खरंच कंटाळलेत की माझी परीक्षा घेतायत, मला ठरवता येईना. दोन महिन्यांत दोन पाहुणे ओळखताना मी दोन्ही वेळा चुकलो होतो. तिसऱ्यांदा चुकायची माझी तयारी नव्हती.

"लिहून द्या," मी म्हणालो.

त्यांनी खिशाचं पेन काढलं. ते हातात धरून थोडा वेळ उभे राहिले. मग हसले, पेन परत खिशात ठेवलं आणि माझ्या स्टुलावर येऊन बसले. सलूनवाला, मामा, किराणावाला आपापल्या दारांतून आमच्याकडे बघत होते. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो, मधे बंद डेक, आणि वर डब्यातून सुंऽऽ.